चालकाशी बोलू नये

सकाळी आठ-साडेआठच्या सुमाराला घरोघरची माणसं कामाला निघतात. डबा पिशवीत जातो, गाडी सुरू होते, दारातून कुणीतरी म्हणतं, "सावकाश जा रे." आणि दहा मिनिटं होतात न होतात तोच त्याच घरातून त्याच माणसाला फोन जातो. "अहो, गॅसचं पुस्तक कुठं ठेवलंय?" "येताना औषधं आणशील ना?" "कुठपर्यंत पोहोचलास?" 'सावकाश जा' म्हणणारा आवाज आणि वाटेत फोन करणारा आवाज एकाच माणसाचा असतो. काळजी दोन्ही वेळा खरीच असते. पण पहिल्या वेळी ती काळजी माणसाला जपते आणि दुसऱ्या वेळी तीच त्याचं रस्त्यावरचं लक्ष काढून घेते.

गाडी चालवताना मोबाइल वापरू नये, हे आपण सगळेच जाणतो. सिग्नलपाशी फलक असतात, शाळेत मुलांना सांगतात, रस्ता सुरक्षा सप्ताहात भाषणं होतात. हा सगळा उपदेश चालकाला उद्देशून असतो आणि तो योग्यच आहे. पण फोनला दोन टोकं असतात. एका टोकाला चालक असतो. दुसऱ्या टोकाला आपण असतो, घरात, ऑफिसात, दुकानात, निवांत खुर्चीवर बसलेले. आज या दुसऱ्या टोकाचा विचार करू.

आधी रस्त्यावर नेमकं काय घडतं ते पाहू. गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली असेल, म्हणजे गावातल्या रस्त्यावर दुचाकी चालते तेवढ्याच वेगाने, तर ती एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. फोन वाजला, खिशातून काढला, कुणाचा आहे ते पाहिलं, एवढ्याला सहज पाच सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी ५५ मीटर गेलेली असते. महामार्गावर ताशी ८० चा वेग असेल तर हेच अंतर ११० मीटरच्या वर जातं. एवढ्या टप्प्यात एखादी शाळा येते, एखादं वळण येतं, रस्ता ओलांडणारी म्हातारी बाई येते. पाच सेकंद ही खुर्चीत बसलेल्या माणसाला काहीच न वाटणारी वेळ आहे. रस्त्यावर तेवढ्या वेळात एक आयुष्य संपू शकतं.

मेसेज वाचणं किंवा टाइप करणं तर याहून घातक. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी अवजड वाहनांच्या चालकांवर कॅमेरे लावून अभ्यास केला आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. मेसेज करणाऱ्या चालकांची नजर सहा सेकंदांपैकी साडेचार सेकंदांहून अधिक काळ रस्त्यावर नव्हती, आणि अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका २३ पट वाढला होता. म्हणजे तेवढा वेळ तो ट्रक जणू कुणीच चालवत नव्हतं.

यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "मी फोन हातात धरत नाही. कानात ब्लूटूथ आहे. दोन्ही हात हँडलवर आणि डोळे समोर." आजच्या सुशिक्षित माणसाने स्वतःची करून घेतलेली ही सगळ्यात मोठी समजूत आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबायला हवं.

१९९७ मध्ये टोरांटोतल्या रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोन संशोधकांनी मोबाइल असलेल्या आणि अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असं त्यांना आढळलं. आणि फोन हातात न धरता बोलणाऱ्यांनाही त्यापासून काही संरक्षण मिळाल्याचं दिसलं नाही. त्याला आता पाव शतक उलटून गेलं. जागतिक आरोग्य संघटनाही आज हेच सांगते: फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका जवळपास चौपट, आणि हँड्सफ्री फोन हातातल्या फोनपेक्षा फारसा सुरक्षित नाही.

असं का व्हावं? कारण गाडी हातांनी चालते तशी मनानेही चालते. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेअर यांनी वर्षानुवर्षं या प्रश्नाचा अभ्यास केला. फोनवर बोलणारा चालक समोर पाहत असतो, पण त्याला दिसत नसतं. डोळे वस्तूवरून फिरतात, मेंदू तिची नोंदच घेत नाही. आपण फोनवर बोलतो तेव्हा मनात समोरच्या माणसाचं घर उभं राहतं, त्याचा चेहरा उभा राहतो, हिशेब सुरू होतात, राग येतो, हसू येतं. शरीर रस्त्यावर असतं आणि मन भलत्याच ठिकाणी. स्ट्रेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये फोनवर बोलणारे चालक आणि दारू प्यायलेले चालक यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांच्या चुका वेगवेगळ्या प्रकारच्या होत्या, पण फोनवर बोलणाऱ्यांची कामगिरी दारू प्यायलेल्यांपेक्षा चांगली नव्हती. फोन ठेवला म्हणजे मन लगेच रस्त्यावर परतलं, असंही होत नाही. आवाजी आज्ञा देऊन चालणाऱ्या यंत्रणांवर याच विद्यापीठात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काम संपल्यावरही २७ सेकंदांपर्यंत लक्ष विचलित राहिल्याचं आढळलं.

मग साहजिकच एक शंका येते. शेजारी बसलेल्या माणसाशी आपण बोलतोच की! त्याने काही बिघडतं का? या शंकेचं उत्तरही युटा विद्यापीठातच शोधलं गेलं, २००८ मध्ये. चालकांना एका ठरलेल्या ठिकाणी गाडी रस्त्याच्या बाहेर वळवायला सांगितलं होतं. शेजारच्या मित्राशी गप्पा मारणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते वळण सापडलं. फोनवर त्याच मित्राशी बोलणाऱ्यांपैकी निम्म्या जणांना ते सापडलं नाही. फरक एवढाच होता, की शेजारी बसलेल्या माणसाला रस्ता दिसत होता. गर्दी वाढली की तो गप्प बसे, वळण आलं की तोच म्हणे, "हे बघ, इथं वळायचंय." चालकाच्या दोन डोळ्यांना आणखी दोन डोळ्यांची मदत होत होती.

आपल्याकडच्या घाटातून जाताना हे कुणालाही अनुभवता येतं. खंडाळ्याच्या किंवा वरंधच्या घाटात गाडी शिरली, समोरून ट्रक आला, की गाडीतल्या गप्पा आपोआप थांबतात. कुणी कुणाला गप्प राहायला सांगत नाही. सगळ्यांची नजर त्या वळणाकडे असते. फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला मात्र ना घाट दिसतो, ना ट्रक. तो आपल्या ओघात बोलत राहतो. "ऐकतोयस ना?" असं मधूनच विचारतो. आणि नेमकं त्याच क्षणी चालकाला ऐकायचं नसतं, पाहायचं असतं. पण नात्याची भीड, साहेबाची भीती, उत्तर द्यायची सवय यांपुढे रस्ता हरतो.

आपल्या एसटीत चालकाच्या केबिनजवळ एक सूचना लिहिलेली असे: गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. लहानपणापासून आपण ती वाचत आलो. पन्नास माणसांच्या गाडीत कुणाला काही वावगं वाटलं नाही, की चालकाचा अपमान झाला असंही कुणी म्हटलं नाही. कंडक्टर एकदा किंवा दोनदा घंटी देई आणि चालकाला तेवढं पुरे. मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी हे शहाणपण आपल्यापाशी होतं. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकात्यातून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. त्यानंतर तीस वर्षांत असं झालं, की गाडीत बसलेले लोक चालकाशी बोलत नाहीत, आणि गाडीत नसलेलं सगळं जग त्याच्याशी बोलतं.

फोन करणाऱ्याचा हेतू चांगला असला म्हणजे परिणामही चांगलाच होईल असं नसतं. २४ जुलै २०१३ ची गोष्ट. स्पेनमध्ये माद्रिदहून फेरोलकडे निघालेली जलद गाडी सांतियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्राजवळ आली होती. तिथल्या संत याकोबाच्या सणाची ती पूर्वसंध्या. गाडीतल्या तपासनिसाने चालकाला कामाच्या फोनवर कॉल केला. पुढच्या एका स्टेशनवर एक कुटुंब उतरणार होतं, त्यांना सोयीचं होईल अशा फलाटावर गाडी घेता येईल का, एवढंच विचारायचं होतं. उतारूंची काळजी घेणारा, कर्तव्याचा फोन. बोलणं सुमारे १०० सेकंद चाललं. त्या वेळात चालकाचं आपण कुठे आहोत याचं भान सुटलं. पुढचं वळण ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेचं होतं आणि गाडी रुळांवरून उतरली तेव्हा तिचा वेग १७९ होता. सुमारे ऐंशी माणसं गेली. पुढे २०२४ मध्ये न्यायालयाने चालकाला दोषी धरलं आणि त्याच्याबरोबर रेल्वेमार्गाच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या माजी अधिकाऱ्यालाही, कारण त्या वळणावर गाडीचा वेग आपोआप रोखणारी व्यवस्था नव्हती. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. माणसाचं लक्ष चुकू शकतं हे धरूनच व्यवस्था उभी करावी लागते. आणि चालत्या गाडीवरच्या माणसाला केलेला फोन कितीही सद्हेतूचा असला, तरी तो जीव घेऊ शकतो.

आपल्या देशातलं दुःखही फार दूरचं नाही. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात राखणदार नसलेल्या रेल्वे फाटकावर शाळेची व्हॅन रेल्वेगाडीखाली आली आणि १३ मुलांचा जीव गेला. चालकाच्या कानात इअरफोन होते, असं प्राथमिक चौकशीनंतर सांगण्यात आलं. शाळेचे कपडे घालून सकाळी घरून निघालेली ती मुलं होती. आपणही मुलांना असंच कुणाच्या तरी भरवशावर रोज गाडीत बसवतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मृत्युमुखी पडली. त्यातली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. अतिवेग हे यातलं सगळ्यात मोठं कारण, आणि मोबाइलच्या नावावर अहवालात पडणारे मृत्यू त्यामानाने थोडे दिसतात. पण दारू प्यायलेला चालक तपासणीत सापडतो. फोनवर बोलणाऱ्याचं तसं नाही. अपघातानंतर पंचनाम्यात गाडीची दिशा, ब्रेकच्या खुणा, नंबर हे सगळं येतं. त्या क्षणी चालकाचं मन कुठं होतं, हे कुठल्याच कागदावर येत नाही. 'चालकाचा ताबा सुटला' या तीन शब्दांखाली किती अर्धवट राहिलेली संभाषणं गाडली गेली असतील, याचा विचार करावा.

कायदा मात्र याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने, वाहन चालवताना हातात फोन धरून वापरणं हे धोकादायक चालवण्यातच मोजलं गेलं. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून फक्त रस्ता दाखवणाऱ्या नकाशापुरता फोन वापरायला मुभा आहे, तीही चालकाचं चित्त ढळणार नाही अशा रीतीने. कायदा इथं येऊन थांबतो. चालत्या गाडीवरच्या माणसाला फोन करणाऱ्यासाठी कोणतंही कलम नाही आणि असूही शकत नाही. तिथं आपल्या सदसद्विवेकानेच काम करायला हवं.

म्हणून स्वतःला काही प्रश्न विचारून पाहू. आपला माणूस घरून निघून वीस मिनिटं झाली आहेत आणि त्याला पोहोचायला चाळीस मिनिटं लागतात, हे आपल्याला ठाऊक असतं. तरी आपण फोन लावतो. तो उचलत नाही. आपण पुन्हा लावतो. तिसऱ्यांदा लावतो. आता त्याला वाटतं, घरी काहीतरी झालं असणार. तो घाबरतो, एका हाताने खिसा चाचपतो, मान वाकडी करून फोन हेल्मेटमध्ये खुपसतो. "काय झालं?" आणि आपण म्हणतो, "काही नाही रे, सहज."

ऑफिसातले वरिष्ठ हाताखालच्या माणसाला सकाळी नऊ वाजता फोन करतात. तो वाटेत असणार हे त्यांना माहीत असतं. "फोन का उचलला नाहीत?" हा प्रश्न पुढे दिवसभर त्या माणसाच्या मानेवर बसतो आणि दुसऱ्या दिवशी तो गाडीवर असताना फोन उचलतो. घरपोच जेवण घेऊन येणाऱ्या मुलाला आपण "कुठं आहेस? किती वेळ?" असं विचारतो. तो गर्दीतून, पावसातून, खड्डे चुकवत येत असतो. त्याची वाट पाहणारंही एक घर आहे. आपली आमटी पाच मिनिटं उशिरा आली तरी चालते.

फोन उचलला नाही म्हणजे आपल्याला टाळलं, आपली किंमत ठेवली नाही, असं मनाला लावून घेण्याची एक वाईट सवय आपल्या सगळ्यांना लागली आहे. पूर्वी माणूस परगावी निघाला की घरचे सांगत, "पोहोचल्याचं पत्र टाक." ते पत्र यायला चार दिवस लागत. तेवढे दिवस आई-वडील धीराने राहत, देवापाशी दिवा लावत आणि आपल्या कामाला लागत. काळजी आजच्यापेक्षा कमी नव्हती. काळजी करायची आणि तरीही जाणाऱ्याला त्याच्या वाटेवर मोकळं सोडायचं, हे त्या माणसांना जमत होतं. आज आपल्याला तासाभराचाही धीर निघत नाही. हा धीर पुन्हा शिकायला हवा. तोही प्रेमाचाच भाग आहे.

ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागितलं आहे. ज्यांना ज्ञानाचं दान द्यायचं, त्यांच्याकडेही त्यांनी आधी लक्ष मागितलं, कारण लक्ष दिल्याशिवाय काहीच पोहोचत नाही. गाडी चालवणारा माणूस असंच आपलं अवधान अनोळखी लोकांना देत असतो. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावरून चालणारी शाळकरी मुलगी, हातगाडी ढकलणारा भाजीवाला, पुढच्या दुचाकीवर बाळ घेऊन बसलेली आई, यांचं आणि त्याचं काहीही नातं नसतं. तरी या सगळ्यांचा जीव त्याच्या लक्षावर तोललेला असतो. फोन करून आपण ते लक्ष काढून घेतो तेव्हा आपल्या माणसाबरोबर या सगळ्यांनाही धोक्यात घालतो.

करायच्या गोष्टी साध्या आहेत आणि आजच करता येण्यासारख्या आहेत. निघणाऱ्याने निघण्यापूर्वी सांगावं, "आता तासभर फोन घेणार नाही, पोहोचलो की मीच करतो." फोनवर ड्रायव्हिंग मोड लावावा किंवा तो सरळ बॅगेत, डिकीत टाकावा, जवळ असला की हात जातोच. नकाशा निघण्यापूर्वी लावून ठेवावा. अगदीच बोलायचं असेल तर पेट्रोल पंपावर, हॉटेलपाशी, रस्त्यापासून नीट बाजूला गाडी उभी करून बोलावं. द्रुतगती मार्गाच्या कडेला मात्र फोनसाठी थांबू नये, तेही जिवावर बेतणारंच आहे. मागच्या सीटवर मुलं असतील तर हे सगळं अधिकच कसोशीने पाळावं. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर गाडी शिकत नाही. तो मागच्या सीटवर बसून लहानपणापासून शिकत असतो.

आणि आपण, फोन करणाऱ्यांनी, एवढंच करायचं. फोन लागला की पहिला प्रश्न विचारायचा, "गाडीवर आहेस का?" उत्तर 'हो' आलं, मागून हॉर्नचा किंवा वाऱ्याचा आवाज आला, की दुसरं एकही वाक्य न बोलता, निरोपसुद्धा न सांगता, "नंतर बोलू" म्हणून आपणच फोन ठेवायचा. भीड चालकाला तोडता येत नाही, आपल्याला येते. फोन उचलला गेला नाही, तर तो गाडी नीट चालवत असेल असं मानून आनंदाने थांबायचं. वरिष्ठांनी आपल्या माणसांना एकदाच स्पष्ट सांगून टाकायचं, की गाडी चालवताना माझाही फोन उचलायचा नाही आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही.

हे वाचून झाल्यावर कदाचित तुमच्या घरातलं कुणीतरी कामाला निघेल. त्याला जरूर म्हणा, "सावकाश जा." आणि तो पोहोचेपर्यंत त्याला फोन करू नका.